पाय सोडल्यावर येणारा आवाज

सोयाबीनची मळणी सुरू झाली की चाकूरच्या शिवारात दिवसभर हडंबे घोंघावत असतात. हडंबा म्हणजे आमच्याकडचं मोठं मळणीयंत्र. लांबून ऐकणाऱ्याला सगळे सारखेच वाटतील, पण तसं नसतं. शेंगा ओलसर असल्या की आवाज जड होतो, तोंडाशी जास्त कोंबलं की घुसमटतो, आणि कापून रचलेली गंजी संपली की एकदम मोकळा होतो, रिकाम्या पिंपासारखा. मी घराला लागूनच्या पाण्याच्या प्लँटच्या ओट्यावर जार धुवत असते. हात चालू, कान शिवाराकडे. कोणाची गंजी संपत आली, कोणाकडे अजून दोन तासांचं काम आहे, कुठल्या मजुरांना पाणी लागणार, हे मला फोन यायच्या आधी कळतं.

माझा फिल्टरच्या पाण्याच्या जारचा धंदा आहे. लग्नसराई आणि मळणी हे माझे दोन हंगाम. कामं मी यादीनं करते. सकाळी सहाला यादी तयार, संध्याकाळी सगळ्यावर रेघ. आमचे हे शाळेत मास्तर आहेत. ते म्हणतात, ही देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मागण्या क्रमांकानं सांगत असणार. सांगत असेन. विसरण्यापेक्षा बरं.

यंदा पहिला हडंबा सुरू झाला त्या दिवशी मात्र यादी बाजूला राहिली. मी कपाटातून मागच्या वर्षीची एक वही काढली. निळा पुठ्ठा, वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : गाडी, आवाज. पानांना अजून डिझेलचा वास आहे. ही वही मी गाडीत काय बिघडलंय ते शोधायला घातली होती. ते सापडलं. सोबत आणखी एक गोष्ट सापडली, तिच्यासाठी मी रकाना आखलेला नव्हता.

गाडी म्हणजे पिकअप, बारा वर्षं वापरलेली. आधी माझ्या भावाची होती. संगमेश्वर, आमचा संगू, माझा सख्खा धाकटा भाऊ. नायगावला त्याचं फर्निचरचं दुकान आहे आणि मागच्या अंगाला लाकूड कापायची मशीन. त्याला मोठी गाडी घ्यायची होती आणि मी भाड्याच्या टेम्पोला कंटाळले होते. फोनवरच सौदा ठरला. मागच्या वर्षी दसऱ्याला तो आणि भावजय गाडी घेऊन दारात आले. बोनेटवर झेंडूचा जाड हार, काचेवर विभूतीचे तीन पट्टे. त्यानं आपट्याची पानं आणि किल्ली एकत्रच माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘सोनं घे अक्का.’’

दसऱ्याला आमच्याकडे हत्याराला हात लावत नाहीत. माझे पाने, पक्कड, पाइपचा मोठा पाना, सगळं पाटावर मांडून कुंकू लावलेलं होतं. चौकातल्या युसूफमिस्त्रींच्या गॅरेजातही कामगारांनी जॅकला हार घातला होता. त्या दिवशी बोल्ट फिरत नाही. त्यामुळे गाडी उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशीही नव्हता. भाड्याचा टेम्पो ठरवताना माझ्याकडे सात प्रश्नांची यादी असायची, ब्रेकपासून स्टेपनीपर्यंत. भावाच्या गाडीला एकही प्रश्न विचारला नाही. भावजयीच्या देखत गाडीखाली वाकून बघायचं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

न सुचायला आणखी एक कारण होतं. संगूचा कान.

उदगीरला आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. आम्ही दोघं त्या गिरणीच्या आवाजात वाढलो. पट्टा सैल झाला की फटफट वाजायचा, कोरडा पडला की किंचाळायचा. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की घरघर बदलून नुसती सरसर उरायची, मग अप्पा टाकीहातोडी घेऊन दगडाला टाके घालायला बसायचे. त्यांच्याकडे बाभळीची एक काठी होती, हातभर लांब, एका टोकाला घासून गोल केलेली. एक टोक मोटारीला टेकवायचं, गोल टोक कानाला. काठीतून आतलं सगळं ऐकू यायचं. अप्पा आम्हाला आळीपाळीनं ऐकवायचे आणि विचारायचे, बोल, काय म्हणते? मी विचार करून सांगायची, बहुतेक वेळा बरोबर. संगू विचार न करता सांगायचा आणि कधीच चुकायचा नाही. पुढे काठीची त्याला गरजही उरली नाही. गल्लीच्या तोंडाशी गोट्या खेळताना तो मान वर करायचा आणि म्हणायचा, अप्पा, बेअरिंगला ग्रीस पाहिजे. शेजारच्या बायका त्याला मांजराच्या कानाचा म्हणायच्या.

अप्पा गेल्यावर गिरणी विकली. मोटार संगूनं नेली, तीच त्यानं पहिल्या करवतीला जोडली. काठी मी मागून घेतली. ती प्लँटच्या आत खुंटीवर असते.

अशा माणसाची गाडी. तिच्यात काही असतं तर त्याला माझ्या आधी ऐकू आलं असतं, आणि ऐकू आलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. या दोन वाक्यांच्या मध्ये एक पायरी आहे, हे मला तेव्हा दिसलं नाही.

पहिल्या आठवड्यात वहीत लिहिलंय ते किरकोळ आहे. सकाळी थंड इंजिनाची टिकटिक, गरम झाल्यावर बंद, टॅपेट, चालेल. सुरू करताना कुईकुई. पंख्याचा पट्टा, ताणून घेतला. फूटबोर्डाखाली खडखड, सैल पत्रा, दोन बोल्ट. जुन्या गाडीला आवाज असतातच. कोणता आवाज वयाचा आणि कोणता दुखण्याचा, एवढंच बघायचं असतं. मला ते काम आवडायला लागलं होतं. मी रकाने वाढवले : आवाज कसा, कुठून, गाडी भरलेली की रिकामी, डांबरी की मुरूम, वळणावर बदलतो का, पाय दाबल्यावर येतो की सोडल्यावर. शेवटचा रकाना, कारण.

दुखण्याचा आवाज आधी मला नाही, पार्वतीबाईंना ऐकू आला. पार्वतीबाई किनवटकडच्या, माझ्यासोबत जार चढवतात-उतरवतात आणि केबिनमध्ये शेजारी बसतात. साठ जार भरून आम्ही एका शिवाराकडे निघालो होतो. उतार लागला म्हणून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पार्वतीबाई म्हणाल्या, ‘‘ताई, गाडी रडून राहिली.’’

मी हसले. मग पाय पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. सोडल्याबरोबर मागून, पाण्याच्या वजनाखालून, हूंऽऽ असा बारीक लांब सूर. दाबला की गप्प.

चार दिवसांत तो सूर मोठा झाला. मी ह्यांना सोबत घेऊन एक फेरी मारली. त्यांचं म्हणणं पडलं की आवाज येतोय म्हणजे गाडी चालू आहे, काळजी आवाज थांबल्यावर करायची. त्यांच्यासारखं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळ्या शिवारांत मळण्या लागल्या होत्या. माझी गाडी रस्त्यात बसली असती तर उन्हात राबणारी माणसं पाण्यावाचून राहिली असती आणि पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्याला फोन केला असता. मी वही भरत गेले. डांबरीवर येतो, मुरमावरही येतो, फरक नाही. डावीकडे-उजवीकडे वळवली, फरक नाही. भरलेली असताना जास्त. पाय सोडल्यावर जास्त.

युसूफमिस्त्रींनी वही न बघता, नुसती एक चक्कर मारून मागच्या ॲक्सलकडे बोट दाखवलं. दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोल डबा असतो, ज्याच्यात चाकं फिरवणारे मोठे दाते असतात, त्याला ते हाउसिंग म्हणतात. म्हणाले, हे खोलून बघू. मी म्हटलं, थांबा, गाडी माझ्या भावाची आहे, आधी त्याला विचारते. त्याच्याएवढा कान तुमच्या गॅरेजातसुद्धा नाही. मिस्त्री हसले. म्हणाले, मग त्यांनाच बोलवा की.

बोलावलं नाही, फोन लावला. पार्वतीबाई मागे जारांमध्ये फोन धरून बसल्या, मी गाडी पळवली, पाय सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. रस्त्याच्या कडेला थांबून फोन कानाला लावला. पलीकडे त्याची करवत बंद होती. म्हणजे त्यानं ती मुद्दाम बंद करून ऐकलं होतं.

‘‘टायर हाय अक्का,’’ संगू म्हणाला. ‘‘मागचे टायर झिजलेत. बदलून टाक. लई इचार नको करू.’’

वहीतलं ते पान माझ्यासमोर आहे. मी लिहिलं होतं : डांबरी-मुरूम फरक नाही, म्हणजे टायर नाही. मी त्या ओळीवर रेघ मारली आहे. सरळ, पट्टीनं मारलेली रेघ. खाली लिहिलंय, टायर, संगू.

मागचे दोन्ही टायर बदलले. सूर तसाच. पुन्हा फोन केला तर तो म्हणाला चाकाचं बेअरिंग असेल, तेही बदललं. सूर आता सूर राहिला नव्हता, गुरगुर झाली होती. दिवाळी चार दिवसांवर आली होती, लाडू वळून व्हायचे होते, आणि मी तिसऱ्यांदा गॅरेजात उभी होते. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि ते गाडीखाली शिरले.

हाउसिंगचा खालचा बोल्ट निघाला. तेल धारेनं यायला हवं होतं, ते थांबत थांबत, गोळ्या-गोळ्यांनी आलं. ट्रेमध्ये काळा लगदा साचला. त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. मिस्त्रींनी बोटांत घेऊन चोळलं, उजेडात धरलं.

‘‘भुसा हाय ताई. लाकडाचा.’’

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आतले दाते झिजले की गाडी ओरडायला लागते. तेलात बारीक भुसा कोंबला की आवाज दबतो. दोन आठवडे, तीन आठवडे, ओझं किती यावर. गाडी विकायची असली की काही लोक करतात. भुशाचा चेंदा होऊन गेला की आवाज परत येतो, आणि तोवर तेल फिरायचं थांबून दात्यांचं आणखी वाटोळं झालेलं असतं. शेवटी त्यांनी विचारलं, गाडी कोणाकडून घेतली म्हणाला होता?

त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं, मोठ्या तोंडानं. पार्वतीबाई गाडीकडे पाठ करून रिकामे जार मोजायला लागल्या. ते सकाळीच मोजून झाले होते.

मला राग गाडीचा आला नाही. दाते झिजतात, लोखंड आहे. दसऱ्याचाही नंतर आला, तो दिवस त्यानं का निवडला असेल हे कळल्यावर. पण त्या क्षणी मला एकच गोष्ट ऐकू येत होती, ती बंद असलेली करवत. त्यानं करवत बंद केली, फोन कानाला लावला आणि स्वतःच्या हातानं कोंबलेला भुसा संपत आलेला ऐकला. मांजराच्या कानाचा माझा भाऊ. त्याला शंकासुद्धा आली नसणार. आणि मग तो टायर म्हणाला.

फसवणूक पुढच्या दिवसांचं नुकसान करते असं मला वाटायचं. ती मागे जाते. त्या आठवड्यात मी फराळ करत होते, जार भरत होते, आणि डोक्यात काठी घेऊन जुने दिवस एकेक तपासत होते. गिरणीचा नवा पट्टा तुटला तेव्हा संगू म्हणाला होता आपोआप तुटला, आणि अप्पांसमोर मी त्याच्या बाजूनं बोलले होते. अप्पा आजारी असताना मी रोज फोन करायची आणि तो म्हणायचा, सगळं ठीक हाय अक्का, तू नको येऊ. मी गेले नाही. तेव्हा सगळं ठीक होतं का? आता कळायला मार्ग नाही. चाळीस वर्षं जे आवाज मला साफ ऐकू येत होते, त्यांतल्या कुठल्यात भुसा होता हे मी कोणत्या बोल्टातून बघणार?

भाऊबीजेला तो येणार होताच. मी मिस्त्रींना सांगितलं, दाते आत्ता बदलू नका, नुसतं साफ तेल भरून द्या. तेवढे दिवस गाडी हळू, निम्मे जार टाकून चालवली. भाऊबीजेच्या दुपारी संगू एकटाच आला, भावजय माहेरी गेली होती. ओवाळणीचं ताट तयार होतं, पण मी त्याला आधी मागच्या अंगणात नेलं. पुढच्या चाकांना दगड लावले होते, मागची चाकं ओंडक्यांवर उचलली होती. मी खुंटीवरची काठी त्याच्या हातात दिली आणि केबिनमध्ये जाऊन बसले.

त्यानं काठीकडे पाहिलं. अप्पांनंतर त्यानं ती पहिल्यांदाच धरली असेल. मी गाडी गिअरमध्ये टाकली. आरशात तो मला दिसत होता, उकिडवा बसलेला, एक टोक हाउसिंगला, गोल टोक कानाला, डोळे मिटलेले. लहानपणी असाच बसायचा. मी पाय दाबला. सोडला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मग गाडी बंद केली आणि खाली उतरून अप्पांसारखं विचारलं, ‘‘बोल, काय म्हणते?’’

त्यानं काठी कानापासून खाली घेतली. मग म्हणाला, ‘‘दाते गेलेत.’’

कधीपासून, मी विचारलं. म्हणाला, उन्हाळ्यापासून. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला का नाही विकलीस? मला वाटलं होतं तो खोटं बोलेल. वाटलं नव्हतं की त्या दिवशी तो खरं बोलायचं ठरवेल.

‘‘दुसऱ्यानं परत आणून दारात लावली असती, अक्का. तू लावणार नव्हतीस.’’

मी त्याच्या हातातून काठी घेतली आणि खुंटीला लावली. मग त्याला ओवाळलं. पाट, रांगोळी, कुंकू, सुपारी, साखर. यादीत होतं. एकही गोष्ट विसरले नाही, हे मला नंतर जास्त लागलं. त्यानं ताटात साडी ठेवली. तिची घडी अजून मोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दाते बदलले. गाडी गेलं वर्षभर गप्प आहे. उतारावर पाय सोडला तर नुसती हवा ऐकू येते. पार्वतीबाई म्हणतात, आता कशी शहाण्यासारखी चालते. पण मला तो गप्पपणा पूर्वीसारखा घेता येत नाही. चांगलं चाललेलं असलं तरी आत काय कोंबलंय याचा विचार येतो. ह्यांनी शाळेतून फोन करून सगळं ठीक म्हटलं तरी मी एक प्रश्न जास्त विचारते. पार्वतीबाईंनी जार मोजले की मी पुन्हा मोजते. त्यांच्या ते लक्षात आलं आहे. हे मला त्या गाडीबरोबर मिळालं आणि ते कुठल्याही गॅरेजात बदलून मिळत नाही.

वर्षभर संगूचे फोन येत राहिले. पाऊस, पोरं, दुकान. गाडीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही.

परवा भाऊबीज झाली. हडंबे अजून पुरते थांबलेले नव्हते. मी स्वयंपाकघरात ताट लावत होते, तेव्हा गल्लीत गाडी आली. त्याची नवी घेतलेली, म्हणजे त्याच्यासाठी नवी, मोठी गाडी. दारापुढे जागा कमी आहे, त्याला मागे-पुढे करावं लागलं. दर वेळी क्लच दाबला की बारीक चिरचिर, सोडला की बंद. तीनदा. सुपारी हातात घेऊन मी उभी राहिले. क्लचचं बेअरिंग. अजून महिनाभर जाईल, मग भर रस्त्यात कुठेतरी बसेल. कोणीतरी त्याला ती तशीच दिली होती, किंवा त्याचं लक्ष नव्हतं. एवढ्या कानाच्या माणसाचं लक्ष नव्हतं, कारण आपल्या गाडीत माणूस आवाज शोधत नाही.

मी एक गोष्ट लपवणार नाही. ओवाळेपर्यंत मी काही बोलले नाही. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं, आणि तेवढा वेळ तो आवाज माझ्याकडे ठेवून घेतला. फार बरं वाटलं. त्यानं करवत बंद केली तेव्हा त्यालाही असंच वाटलं असेल का, हा विचार आला आणि मी ताट खाली ठेवलं.

‘‘संगू, तुझ्या क्लचचं बेअरिंग गेलंय. या आठवड्यात दाखवून घे.’’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर गाडीकडे, मग परत माझ्याकडे. त्याच्या तोंडावर काय होतं ते मी ओळखलं. ते मी वर्षभर आरशात बघत होते.

‘‘खरं सांगायलीस का, अक्का?’’

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला हे विचारलं. मी त्याला कधीच विचारलं नव्हतं, तोच प्रश्न.

मी म्हटलं, काठी खुंटीवर आहे, जाऊन ऐक. तो पाटावरून उठला, कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं. काठी घेऊन बाहेर गेला. बोनेट उघडल्याचा आवाज आला. मग त्यानं मला हाक मारली, क्लच दाबायला कोणीतरी आत बसायला हवं होतं. मी हात पुसले आणि गेले.